हरलेल्याने जायचं कुठे?

बावीस सेकंदांची एक रील आहे. काचेपलीकडे दोन एंजल मासे, ओठांना ओठ भिडवून, पंख पसरून सावकाश गोल फिरताहेत. मागे एक जुनं रोमँटिक गाणं. कॅप्शन, 'आमच्या घरातलं कपल'. खाली लाल बदामांची रांग. परवा माझ्या मावशीने ती फॅमिली ग्रुपवर टाकली, 'बघा, मुक्या जिवांनाही प्रेम कळतं' असं लिहून. मावशीला हे माहीत नव्हतं की रील माझीच होती. फिरत फिरत, तीन-चार अनोळखी अकाउंटांवरून ती पुन्हा घरी आली होती.

ते चुंबन नव्हतं. ते दोघं एकमेकांचा जबडा पकडून एकमेकांना ढकलत होते. डावीकडचा चौथ्या दिवशी सकाळी फिल्टरच्या पाइपला चिकटलेला सापडला. त्याच्या शेपटीच्या जागी नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि एका बाजूचे खवले गेले होते. मी मारामारीचा व्हिडिओ काढला आणि त्याला गाणं लावलं. हे आधीच सांगून टाकते, कारण यापुढे मी बऱ्याच जणांना दोष देणार आहे.

मेलेला मासा घेऊन (हो, पिशवीत घालून) मी दुकानात गेले. दुकानातल्या दादाने पिशवीकडे एकदा बघितलं आणि निदान केलं. "ताई, तुमच्यातला एक गुंड निघाला. त्याला घेऊन या, बदलून देतो." छंदातल्या एका अनुभवी मित्रानेही तेच सांगितलं, फक्त जरा शास्त्रीय शब्दांत. एंजल हा 'सेमी-अग्रेसिव्ह' मासा आहे, एखादा नग तसा निघतो. घरी आईचं मत, "नर असेल." सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. दोष माशाचा.

माझं म्हणणं असं की हे सरळसरळ खोटं आहे, आणि सगळ्यांच्या सोयीचं खोटं आहे. घरातल्या टँकमधल्या एंजलांच्या मारामाऱ्यांचा उगम माशाच्या स्वभावात शोधणं म्हणजे लिफ्ट बंद पडून आत सहा तास अडकलेल्या माणसांच्या स्वभावावर लेख लिहिण्यासारखं आहे.

आधी हा प्राणी कोण ते बघू. नाव एंजल, चेहरा किंचित बावळट, चाल राजेशाही. या नावानेच अर्धी फसवणूक होते. हा मासा अमेझॉनच्या खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला. सिक्लिड म्हटल्यावर काही डोळ्यांपुढे येत नसेल तर भिगवणला उजनीच्या काठावर मिळणारी चिलापी आठवा. ती आफ्रिकेतून आलेली तिलापिया, याच कुळातली. गोव्यात आणि तळकोकणात खातात तो कालुंदर, केरळातला करीमीन, तोही याच कुळातला. या कुळाची एक ख्याती आहे. बहुतेक मासे अंडी सोडून निघून जातात. हे जात नाहीत. अंड्यांची राखण करतात, पिल्लांची करतात. आणि राखण करायची म्हणजे कुणाला तरी हाकलायचं, हे ओघाने आलंच.

या माशाच्या शास्त्रीय नावातला 'टेरोफायलम' हा भाग 1840 साली हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने दिला. अर्थ, पंखासारखं पान. देवदूतापेक्षा हे नाव मला जास्त खरं वाटतं. एंजलचं शरीर खरोखरच पानासारखं आहे, दोन्ही बाजूंनी दाबलेलं, लांबीपेक्षा उंच. त्यावर उभे काळे पट्टे. पुरात बुडालेल्या झाडांची मुळं, पाण्यात पडलेल्या फांद्या, उभे देठ, यांच्यामधून सरकायला आणि त्यांच्या सावल्यांत दिसेनासं व्हायला हा आकार घडलेला आहे. म्हणजे हा मुळात आडोशाचा मासा. याला आपण ठेवतो कुठे? चारी बाजूंनी काच, मागे निळ्या समुद्राचं पोस्टर, खाली गुलाबी खडे, वर पांढराशुभ्र एलईडी आणि मधोमध बुडबुडे सोडणारा एक प्लास्टिकचा खजिना.

मी जुलैत सहा एंजल आणले. पाच रुपयांच्या नाण्याएवढे होते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा टँक, डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेत चपलांच्या कपाटावर. पहिले पाच-सहा महिने इतके गोड गेले की मी ऑफिसातल्या तिघांना एंजल घ्यायला लावले. त्या वयात ते थव्याने राहतात. यावर स्पेनमधल्या एका संशोधकाने बरंच काम केलंय. कोवळ्या एंजलांना एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठा थवा दाखवला तर मोठा कुठला हे ते ओळखतात आणि तिकडे जातात. म्हणजे याच 'सेमी-अग्रेसिव्ह' प्राण्याला लहानपणी जास्तीत जास्त सोबत हवी असते.

मग ते वयात येतात. साधारण आठ-दहा महिन्यांत सहातले दोन एकमेकांशी जमवतात. कुठलं नर, कुठली मादी हे अंडी द्यायच्या वेळेपर्यंत बाहेरून खात्रीने कुणालाच सांगता येत नाही (दुकानदारालाही नाही, तो आत्मविश्वासाने सांगतो ती गोष्ट वेगळी). ही जोडी एक उभा, रुंद पृष्ठभाग निवडते. नदीत ते पान असतं, आमच्याकडे फिल्टरचा पाइप होता. ती तो चोचून स्वच्छ करते आणि मग त्याच्या आसपास कुणी फिरकलेलं तिला चालत नाही.

हाकलण्याची एक रीत ठरलेली आहे आणि ती बघण्यासारखी आहे. आधी पट्टे गडद होतात. मग पंख ताठ पसरून बाजू दाखवायची, मी केवढा आहे बघ. मग शेपटीने पाण्याचा फटकारा. एवढ्यावर भागलं नाही तर तोंडात तोंड घालून ढकलाढकली, जिला आपण किस म्हणतो. (जोडी जमवताना दोघं एकमेकांची ताकद अशीच अजमावतात, त्यामुळे गोंधळ वाढतो.) शेवटी एकाला कळतं की आपलं काही खरं नाही. त्याचे पट्टे फिके पडतात, पंख मिटतात, आणि तो निघून जातो.

या सगळ्या रीतीची भिस्त शेवटच्या दोन शब्दांवर आहे. निघून जातो. पट्टे, पंख, फटकारा, ढकलाढकली हे सगळं कुणी मरू नये म्हणूनच रचलेलं आहे. जिंकणाऱ्याला मुडदा नको असतो, त्याला जागा रिकामी हवी असते. हरणारा चार झाडं ओलांडून पलीकडे जातो, दिसेनासा होतो, भांडण संपतं. माझ्या टँकमध्ये मात्र तो निघाला आणि साठ सेंटिमीटरवर काच लागली. पूर्ण वाढलेला एंजल लांबीला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास जातो. म्हणजे त्याचं अख्खं जग त्याच्या चार अंगांएवढं लांब. हरलेला हरला, त्याने कबूलही केलं, पण तो अजून दिसतोच आहे. मग जिंकलेल्याला वाटतं, हा अजून गेला का नाही? आणि तो पुन्हा येतो. चार दिवस, रात्रीचे काही तास सोडले तर दर दोन-तीन मिनिटांनी तो पुन्हा येत होता.

याला मी गुंडगिरी म्हणत होते. तो मासा त्याच्या रीतीने अगदी सभ्यपणे वागत होता. समोरच्याला जाता येत नव्हतं, आणि जाता येऊ नये अशी व्यवस्था मी पैसे देऊन केली होती.

इथे डोंबिवली लोकलचं उदाहरण देण्याचा मोह होतो. गर्दी, धक्काबुक्की, माणसंही शेवटी तशीच वगैरे. मी ते देणार नाही. आपल्या माणसांना प्रत्येक प्राण्यात स्वतःचा चेहरा बघायची जी खोड आहे, तिच्यामुळेच तर मारामारीला गाणं लागलं. शिवाय उदाहरण लंगडं आहे. लोकलमध्ये कितीही धक्के बसले तरी ठाण्याला उतरता येतं.

आता उपायांकडे येऊ. एंजलांची भांडणं कशी थांबवावीत यावर सल्ल्यांना तोटा नाही, आणि मी सगळे करून पाहिले आहेत.

पहिला, गुंड काढून टाका. मी काढला. दीड दिवस शांतता होती. मग उरलेल्यांतल्या दोघांनी तोच पाइप साफ करायला घेतला. खुर्ची तशीच ठेवून माणूस बदलला की जे होतं तेच.

दुसरा, अजून मासे टाका, म्हणजे मार वाटला जाईल. हा सल्ला वेडगळ नाही. आफ्रिकन सिक्लिड पाळणारे मुरलेले लोक हे जाणूनबुजून करतात, दणकट फिल्टर आणि काटेकोर देखभालीच्या जोरावर. पण दोन फुटी टँकमध्ये याचा अर्थ असा होतो की एका माशाला मिळणारे शंभर फटके पाच जणांना वीस-वीस मिळतात आणि सगळ्यांची घाण मिळून पाण्यातला अमोनिया वाढतो. दिसणारा त्रास कमी झाला, न दिसणारा वाढला. आपल्याला मात्र बरं वाटतं.

तिसरा, मांडणी बदला. दगड-झाडं हलवली की हद्दी पुसल्या जातात. खरं आहे, पुसल्या जातात. नवा मासा सोडताना हे जरूर करावं. पण माशांना हद्द पुन्हा आखायला दोन-तीन दिवस पुरतात, आणि आपण दर शनिवारी घर हलवत बसणार आहोत का?

चौथा आपला खास देशी, टँक धुऊन काढा. महिन्यातून एका रविवारी मासे बादलीत, खडे बाथरूममध्ये, सगळं घासून लख्ख. आमच्याकडे हा सणासारखा सोहळा होता. यात पाणी शुद्ध ठेवणारे जीवाणू मरतात हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. भांडणांशी त्याचा काय संबंध, हे मला उशिरा कळलं. मासे एकमेकांना केवळ बघून ओळखत नाहीत. कोण वरचढ, कोण खालचा याची खबर पाण्यातल्या रासायनिक खुणांमधूनही मिळते. ब्राझीलमधल्या साओ पावलो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली नेमका एंजलवरच प्रयोग प्रसिद्ध केला. चौथा हिस्सा पाणी बदललं त्यापेक्षा अर्धं पाणी बदललं तेव्हा मारामाऱ्या जास्त वाढल्या. खुणा धुतल्या गेल्या, म्हणजे कोण कोण हे पुन्हा ठरवणं आलं. थोडं थोडं आणि नियमित पाणी बदलायचं, एवढाच याचा अर्थ. आम्ही मात्र दर महिन्याला स्वच्छतेच्या नावाखाली नवी निवडणूक घेत होतो.

पाचवा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. आरसा लावा. काचेला बाहेरून आरसा लावला की दांडगा मासा आपल्याच प्रतिबिंबावर तुटून पडतो. "राग निघून जातो ताई, मग शांत बसतो."

राग साठतो आणि तो कुठेतरी काढावा लागतो, या समजुतीला मोठा वंश आहे. कॉनराड लॉरेन्झ हा ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ, 1973 च्या नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी. त्याचं आक्रमकतेवरचं गाजलेलं पुस्तक 1963 चं. त्याच्या मूळ जर्मन नावाचा अर्थ होतो 'तथाकथित दुष्टपणा'. म्हणजे दुष्टपणाला 'तथाकथित' म्हणण्याइतका तो सावध होता, आमच्या दुकानदारापेक्षा बराच. त्यात त्याने सिक्लिडांचा एक किस्सा दिलाय, आणि गंमत म्हणजे तो मासा आपल्या दक्षिणेतला आणि श्रीलंकेतला आहे, ज्याला केरळात पल्लत्ती म्हणतात. त्याच्या जोड्या मध्ये काच घालून शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. काच स्वच्छ असेतो प्रत्येक जोडी काचेपलीकडच्या शेजाऱ्यांवर डाफरायची आणि आपापसांत गुण्यागोविंदाने राहायची. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासे व्हायला लागले, की घरातच खटके उडायचे. काच पुसली की पुन्हा घरात शांतता, बाहेर भांडण.

लॉरेन्झने यातून काढलेला निष्कर्ष असा की आक्रमकता आतून भरत राहते आणि तिला वाट लागते. कुकरच्या वाफेसारखी. शेजारी नसेल तर बायकोवर. पुढच्या संशोधकांनी या वाफेच्या कल्पनेवर चिक्कार टीका केली आणि ती आज मूळ रूपात फारसं कुणी मांडत नाही. पण बाजारात ती जिवंत आहे, आरशाच्या रूपात. माझी तक्रार साधी आहे. किस्सा पुन्हा वाचा आणि त्यातल्या वस्तू मोजा. मासे, शेवाळ आणि काच. माशाच्या आत काय भरतंय याचा एवढा विचार झाला, आणि काच मात्र जणू निसर्गानेच घातली होती. नदीत पल्लत्तीला शेजारी दिसेनासा होतो तेव्हा तिची जोडीदारीण त्याच वेळी चार इंचांत कोंडलेली नसते.

आरशाने माझा मासा शांत बसला, हे खरं आहे. दोन तास काचेवर थडका देऊन तो कोपऱ्यात जाऊन कल्ले हलवत राहिला. दमलेल्याला शांत म्हणायची पद्धत आपल्याकडे आहेच.

मग जागा वाढवली तर? इथेही एक अप्रिय बातमी आहे. क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या रोनाल्ड ओल्डफील्ड यांनी 2011 साली मायडस सिक्लिड या माशावर अभ्यास प्रसिद्ध केला. मासा वेगळा, पण कूळ तेच आणि प्रश्नही तोच. लोक घरी ठेवतात त्या मापाच्या टँकांमध्ये थोडं इकडेतिकडे करून फारसा फरक पडला नाही. टँक बराच मोठा केला आणि आत लपायला-वळायला पुरेसं काही दिलं, तेव्हाच भांडणं घटली. म्हणजे दोन फुटांचा अडीच फुटी करून स्वतःची पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही.

हिशेब करू. दोन बाय एक बाय एक फूट म्हणजे दोन घनफूट, काठोकाठ भरला तर 56 लिटर. खडे, दगड, वरची रिकामी जागा वजा जाता 45 धरा. यात वाढलेला एक एंजलही नीट उभा राहत नाही, कारण पंखांसकट त्याची उंची वीस सेंटिमीटर आणि पाणी जेमतेम पंचवीस. सहा जणांचा गट ठेवायचा तर माझ्या मते चार फूट लांब, दीड रुंद, दोन उंच. ते झाले 340 लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन 340 किलो. आत उंच लाकूड, अमेझॉन सोर्डसारखी रुंद पानांची झाडं, आणि अशी मांडणी की एका टोकाकडून दुसरं टोक दिसू नये. यातलं शेवटचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं. माशाला लांबीपेक्षाही नजरेआड होता येण्याची गरज जास्त असते. दुसरा मार्ग, एकच जमलेली जोडी आणि तिला स्वतंत्र टँक, दीडशे-दोनशे लिटरचा. किंवा एकटाच एंजल, दुसऱ्या जातीच्या शांत आणि त्याच्या तोंडात न मावणाऱ्या माशांसोबत. (निऑन टेट्रा मावतात. विचारू नका.) तीन एंजल मात्र कधीच नाही. तीन हा सगळ्यात वाईट आकडा, दोन जमतात आणि तिसरा मरेपर्यंत तिसराच राहतो.

यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. एक, निसर्गातही मारामाऱ्या होतातच की. होतात. निसर्गात पूरही येतो, म्हणून कुणी बाथरूमचं दार बाहेरून लावून नळ सोडत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो माझ्या भावाने घेतला. "म्हणजे चार फुटी टँक ठेवायची ऐपत असलेल्यांनीच मासे पाळायचे का? आपल्यासारख्यांनी नाही?" आमचं घर भाड्याचं, 340 किलोचं नाव काढलं तर घरमालक आम्हालाच बाहेर काढेल. या प्रश्नाने मी बरेच दिवस गप्प होते. आता माझं उत्तर आहे, मासे पाळायचे, एंजल नाही पाळायचा. दोन फुटी टँकमध्ये गप्पी मजेत राहतात, तेच जे महापालिका डासांसाठी सोडते. आपल्याकडचा हनी गोरामी आहे, मधाच्या रंगाचा, चिमुकला आणि देखणा. हौस गरिबाचीही असते, मान्य. पण आपल्या घराच्या अडचणीचा हप्ता माशाने भरावा, यात कसला समतेचा विचार?

खरं तर माझा सगळ्यात जास्त राग दुसऱ्याच एका वाक्यावर आहे. जुलैत, ते नाण्याएवढे सहा पिशवीत भरताना मी विचारलं होतं, "दादा, हे किती मोठे होतात?" उत्तर आलं, "टँकप्रमाणे वाढतात ताई." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, कुठल्याही दुकानात, कुठल्याही माशाबद्दल. जणू मासा आत शिरताना मोजपट्टी लावून घेतो. वाढ खुंटते, हे होतं. घाणेरड्या पाण्यात, अपुऱ्या जागेत, सततच्या भीतीत ती खुंटतेच. पण त्याला जुळवून घेणं म्हणत नाहीत, आजार म्हणतात. कुपोषित मुलाबद्दल कुणी 'झोपडीप्रमाणे वाढला' असं म्हटलं तर आपण काय करू?

हे वाक्य चालतं कारण ते दोघांनाही हवं असतं. दुकानाला नाण्याएवढे मासे विकायचे असतात. तेवढ्या आकाराचे शंभर एका टँकमध्ये मावतात आणि झपाट्याने जातात. मलाही चपलांच्या कपाटावर अमेझॉन हवा असतो. सहा-आठ महिन्यांनी मारामाऱ्या सुरू झाल्या की दोघांनाही म्हणायला एक शब्द तयार असतो. गुंड. मग औषधाची निळी बाटली, मीठ, आरसा, जाळीचं पार्टिशन, बदली मासा. मारामारीवर गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा दुकानात येतं. कुणी कट केलाय असं मी म्हणत नाही. कटाची गरजच पडलेली नाही.

आणि आपण? आपण त्यांना नावं ठेवतो, 'फॅमिली' म्हणतो, आणि म्हणूनच त्यातला एकही कमी करायला तयार नसतो. मी उरलेले तीन एंजल देऊन टाकायला पाच आठवडे लावले. देणं म्हणजे हरणं, असं वाटत होतं. त्या पाच आठवड्यांत आणखी एक गेला, वरच्या कोपऱ्यात हीटरमागे, नाक पाण्याच्या वर काढून. तो तिथे का राहतो ते मला पक्कं माहीत होतं तेव्हा. पुस्तकं वाचून झाली होती, हे सगळं ज्ञान मिळवून झालं होतं. तरीही मी रोज सकाळी त्याला त्या कोपऱ्यात दाणे टाकत होते आणि स्वतःला प्रेमळ समजत होते.

उरलेल्या दोघांना कल्याणच्या एका काकांनी नेलं, त्यांच्याकडे साडेचार फुटी टँक आहे. (तलावात सोडू नका, कुणी कितीही पुण्याचं काम म्हणो. सकरमाऊथ असाच कुणाच्या तरी दयाळूपणामुळे आज देशभरच्या जलाशयांत पसरलाय.) महिन्याने बघायला गेले. तोच, ज्याला मी गुंड म्हणून आधी परत करायला निघाले होते आणि मग ठेवून घेतला होता, तो लाकडाच्या मागून आला, एका मोठ्या एंजलसमोर पंख पसरले, त्याने शेपटीचा एक फटकारा मारला, आणि आमचे साहेब फिके पडून पानांमागे निघून गेले. तो मोठा मागे गेला नाही. सगळं मिळून पाच सेकंद. फोन काढायला वेळच मिळाला नाही.

ती जुनी रील मी काढून टाकली, पण इतरांनी उचललेल्या प्रती फिरताहेत, मावशीकडे आलेली त्यातलीच.

माझी मागणी एकच आहे आणि ती फार मोठी नाही. दुकानातल्या प्रत्येक काचेवर जिथे भाव लिहिलेला असतो, तिथेच पूर्ण वाढीचा आकार लिहायचा, सेंटिमीटरमध्ये, आणि त्याला लागणारं पाणी, लिटरमध्ये. दोन आकडे. पाकिटावर वजन छापतात तसे. मागच्या आठवड्यात मी त्या दुकानात गप्पीचे दाणे आणायला गेले तेव्हा घरूनच एक पट्टी कापून नेली होती, पंधरा सेंटिमीटर लांब, वीस उंच, पुठ्ठ्याचा एंजल. म्हटलं, दादा, ही नाण्याएवढ्यांच्या टँकवर चिकटवू का? तुम्हाला काही करायला नको.

त्याने पुठ्ठा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. चांगला कापलाय म्हणाला. मग परत दिला.

"ताई, हे लावलं तर घेणार कोण?"